एक वाजून वीस मिनिटांचा मेल

तो मेल तुम्ही उशिरा पाठवला नाहीत साहेब, वेळ बघून पाठवलात. बाई खुर्चीवरच असेल, पण त्या वेळेला मेल उघडणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बटण दाबलंत. तीन वाजेपर्यंत उत्तर मागितलंत आणि तीन वाजून पाच मिनिटांनी ‘मागणी अप्राप्त’ असा शेरा मारून मोकळे झालात. कागदावर तुम्ही धुतल्या तांदळासारखे, आणि एका कंत्राटी बाईच्या नावावर हलगर्जीपणा. शाबास.

एवढं बोलायला शिवकन्याला नऊ दिवस लागले. त्यातले बरेचसे दिवस ती भलत्याच माणसांवर शक घेत बसली होती. ते कसं झालं हे सांगायचं तर घंटीपासून सुरुवात करावी लागेल.

शिवकन्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कम्प्युटर चालवायची. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवस घरी, पुन्हा अकरा महिने, असं तिचं सहावं वर्ष. काम ऐकायला सोपं वाटतं. मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर असतो. तो नंबर, मालकाचं नाव, गाव, कोणती लस कधी टोचली, हे सगळं कम्प्युटरवर चढवायचं. बारा आकडे. त्यातला एक हुकला की वालूरची मेंढी झरीत जन्माला येते आणि तिला परत वालूरला न्यायला तीन पत्रं लिहावी लागतात.

अन् सहावा-सातवा आकडा टाकायला लागलं की घंटी वाजायची. टिंग. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवायची, चौकटीत पहिला शब्द अतितात्काळ. ‘कार्यालयाच्या आवारातील झाडांची संख्या आजच कळवावी.’ ती उठायची, खिडकीतून झाडं मोजायची, कळवायची. पुन्हा बसते न बसते तोच टिंग. ‘मागील पत्रात झाडे ऐवजी रोपे असे वाचावे.’ मग टिंग. ‘रोपांची माहिती अद्याप अप्राप्त, ही बाब गंभीर आहे.’ साधा मेल म्हणून वरच्या कार्यालयातून तिनं सहा वर्षांत पाहिला नव्हता. सगळंच अतितात्काळ. लगीनघाई रोजची आणि नवरा-नवरी कुठंच नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात याच घंटीनं घात केला. कासाबाई नावाच्या बाईच्या बेचाळीस मेंढ्या होत्या. गावाबाहेर माळावर तिची वस्ती, सगळं घर मेंढ्यांवर. त्या बेचाळीस मेंढ्यांची यादी शिवकन्या चढवत होती. टिंग झालं, तिनं मान वळवली, मान परत आणली आणि ‘टोचायची आहे’च्या ऐवजी ‘टोचली’ या खान्यावर बोट पडलं. कम्प्युटर म्हणाला झालं. पथक वस्तीवर गेलं तेव्हा यादीत कासाबाईचं नाव नव्हतं, म्हणून तिचा कळप तसाच राहिला. महिन्याभरानं त्या भागात मेंढ्यांच्या देवीची साथ आली.

कासाबाई दवाखान्यात आली ती ओरडत आली नाही. शिवकन्याच्या टेबलासमोर खाली बसली.

“बाई, कागद म्हणायलाय सुई टोचली. मेंढ्या म्हणायल्यात न्हाई. कुणाचं खरं धरू मी?”

“मावशी, माझ्या हातून चुकलं. दुरुस्त करते मी.”

“कागद दुरुस्त होईल वो. माझी नऊ कोकरं गेली, ती कुठल्या खान्यात लिवता?”

शिवकन्यानं दुरुस्तीची तीन पत्रं पाठवली, आणि त्याच्या पुढचे कित्येक दिवस तिला जेवताना ते वाक्य आठवायचं. पोळा झाल्यावर ती दवाखान्याचे डॉक्टर व्यंकटराव यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“सर, उद्यापासून मी मेलची घंटी बंद करायले. कम्प्युटरची बी आणि मोबाइलची बी. कामाच्या ग्रुपची सुद्धा. मेल दिवसातून तीनदा बघणार. दहाला, एकला आणि साडेचारला. मधल्या वेळात फक्त मेंढ्या.”

“आणि वरून काही तातडीचं आलं तर?”

“तातडीचं असलं तर फोन येतोच की. फोन कुठं बंद करायले मी?”

व्यंकटरावांनी मान हलवली. तोंडी हो. लेखी काही नाही. लेखी द्यायला व्यंकटराव कालचे पोर नव्हते.

दवाखान्याचा शिपाई नागेश दुसऱ्या दिवशीपासून सुरू झाला. “हळू बोला रे, ताईनं समाधी घेतलीय. एक वाजता बाहेर येणार हायेत, नारळ आणून ठेवा.” हसू द्या. एकोणीस दिवसांत शिवकन्यानं तीन हजारांवर बिल्ले चढवले आणि पडताळणीत एकही चूक निघाली नाही. व्यंकटराव स्वतः म्हणाले, “हे आधीच करायला पाहिजे होतं.” सगळ्यांत आधी तिनं कासाबाईची यादी केली होती. दोनदा वाचून, मोठ्यानं आकडे म्हणून. या खेपेला देवीची लस आली की पहिलं पथक त्या माळावर जाणार, असं तिनं कासाबाईला सांगूनही टाकलं होतं. घाई होती, कारण सोयाबीन उठलं की मेंढ्यावाले कळप दूरदूरच्या रानात खतासाठी बसवायला निघतात. एकदा निघाले की मग त्यांना लस घेऊन शोधत फिरायचं कुणी?

मग तो गुरुवार आला.

एक वाजता शिवकन्यानं मेल बघितले. चौदा होते. लसीबद्दल एकही नाही. तिनं उत्तरं दिली, डबा खाल्ला आणि पुन्हा बिल्ल्यांना बसली. साडेचारला मेल उघडला तर सगळ्यात वर तो होता, एक वाजून वीस मिनिटांचा. ‘देवी लसीच्या मात्रा उपलब्ध असून आपल्या तालुक्यास आवश्यकता असल्यास आज दुपारी ३.०० पर्यंत मागणी कळवावी. अन्यथा मात्रा इतरत्र वर्ग करण्यात येतील.’

मागणीचा तक्ता तयारच होता, चार एकतीसला तिनं पाठवला. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. पलीकडचा पंखा तेवढा ऐकू आला. सकाळी उत्तर हजर, तीन वाजून पाच मिनिटांनी मारलेल्या ‘मागणी अप्राप्त’ या शेऱ्यासह. मात्रा वर्ग झाल्या. सोमवारी नोटीस आली. मेल वेळेत न पाहिल्यानं तालुका लसीपासून वंचित राहिला, समक्ष येऊन खुलासा करावा, समाधानकारक नसल्यास पुनर्नियुक्तीचा विचार केला जाणार नाही.

एक वीस. हा आकडा शिवकन्याच्या डोक्यात रुतून बसला. तिनं मेल बघून बंद केल्यावर काही मिनिटांनी. साडेबाराला आला असता तर तिला दिसला असता. एकला आला असता तरी दिसला असता. तिनं मागच्या सगळ्या मेलच्या वेळा चाळल्या. ते केव्हाही यायचे, गुरं मोकळी सुटल्यासारखे. हा एकच मोजूनमापून आला होता. म्हणजे तिच्या वेळा वर कुणीतरी सांगितल्या होत्या. आणि त्या माहीत कुणाला? डॉक्टरांना आणि नागेशला.

त्या दिवसापासून तिला दवाखान्यातला चहा गोड लागेना. व्यंकटराव फोन घेऊन व्हरांड्यात गेले की तिचे कान तिकडं जायचे. नागेशचा मेहुणा वरच्या कार्यालयात गाडी चालवतो, हे तिला सहा वर्षं माहीत होतं. आता ते वेगळ्याच अर्थानं माहीत झालं. नागेश टेबल पुसायला आला की ती पडदा बंद करायची. तो पाणी ठेवायचा, ती पाण्याकडं बघायची.

पहिल्यांदा तिनं डॉक्टरांना धरलं.

“सर, लसीचं काही असलं की वरून फोन येतो. गुरुवारी आला नाही?”

“नाही आला.”

“फोन दाखवा.”

व्यंकटरावांनी चष्मा काढला. “शिवकन्या, मी तुझा साहेब आहे.”

“म्हणून तर तुमचाच बघायले.”

ते लालबुंद झाले. खरं तर तिथंच तिची नोकरी गेली असती. पण त्यांनी फोन टेबलावर सरकवला. गुरुवारी वरचा एकही कॉल नव्हता. होते ते घरचे आणि एका म्हशीच्या मालकाचे सात. तिनं फोन परत दिला आणि माफ करा म्हणाली.

राहिला नागेश. दुपारी तो दप्तर लावत होता तेव्हा ती दारात उभी राहिली.

“नागेश, माझ्या वेळा वर कुणी सांगितल्या?”

“कसल्या वेळा?”

“दहा, एक, साडेचार. मेहुण्याला काय काय सांगतोस तू?”

नागेशनं हातातलं दप्तर खाली ठेवलं. त्याचा चेहरा आधी उतरला आणि मग तो चक्क हसायला लागला. पण ते नेहमीचं हसू नव्हतं.

“ताई, तुमी इतके दिस माझ्या हातचं पाणी पिऊ न्हाई राहिलाव, ते ह्याच्यामुळं व्हय? अवो, मी कशाला सांगू? तुमीच साऱ्या दुनियेला सांगायलाव की!”

“मी?”

“थांबा.” त्यानं मोबाइल काढला. “पोळ्यानंतर मी रजेचा अर्ज मेलवर टाकला होता, तुमीच म्हणला होताव मेलवर टाक म्हणून. टाकला न टाकला तर तुमच्या कम्प्युटरनं मला परत लिवलं. ह्ये वाचा.”

तिनं वाचलं. ‘आपला मेल मिळाला. या कार्यालयाचे मेल सकाळी १०, दुपारी १ व ४.३० वाजता पाहिले जातात. तातडीचे असल्यास कृपया फोन करावा.’

शिवकन्या स्टुलावर बसली. घंटी बंद केली त्याच दिवशी तिनंच हे लावून ठेवलं होतं. कुणाची गैरसोय नको, कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही. सरळ माणसाचा सरळपणा. मग ती बिल्ल्यांत बुडाली आणि साफ विसरली. वरच्या कार्यालयाच्या प्रत्येक अतितात्काळला एकोणीस दिवस तिचा कम्प्युटर अदबीनं सांगत होता की बाई कधी बघते आणि कधी बघत नाही.

“माझा मेहुणा,” नागेश म्हणाला, “त्याला डिझेल कुठं भरायचं ह्येच्यापलीकडं खबर नसती. आन् तुमी आमच्यावर शक घेतलाव.”

“चुकले मी, नागेश.”

“ते ऱ्हाऊ द्या. आता पाणी प्या आधी.”

ती पाणी प्यायली. पण शक गेला नाही, त्याला फक्त पत्ता मिळाला. तातडीचं असेल तर फोन करा, हेही त्याच तीन ओळींत लिहिलं होतं. वेळा वाचल्या आणि फोनची ओळ दिसली नाही, असं कसं होईल?

तिनं शेजारच्या तालुक्यातल्या राजेश्रीला फोन लावला. राजेश्री तिच्यासारखीच कंत्राटी, तिच्यासारखीच बारा आकडे टाकणारी.

“राजे, देवीच्या लसीचा मेल तुला कधी आला गं?”

“सकाळीच. दहा चाळीसला. का गं?”

“मला एक वीसला आला. तीनपर्यंत मागणी करा म्हणून.”

राजेश्री हळू आवाजात म्हणाली, “एक वीसला तुला विचारलं? अगं, लस तर बारालाच आमच्या मंडपात होती.”

“कसला मंडप?”

“शिबिर होतं ना इथं. पाहुणे, हार, माईक, सगळं. बॅनर तर आठ दिवस आधीच लागलं होतं. तू ग्रुप बघत नाहीस का? फोटो आहेत की.” आणि मग घाईघाईनं, “माझं नाव कुठं घेऊ नको हं, शिवे. माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपायलीय.”

ग्रुपची घंटी तिनं बंद केली होती. तो उघडला तर चारशेवर निरोप साचलेले. ती मागं मागं गेली. गुरुवार. हार घातलेले पाहुणे. आणि त्याखाली वरच्या कार्यालयानं स्वतः टाकलेला फोटो. मंडपात मधोमध कुणी एक साहेब, भोवती लसीचे पांढरे खोके उतरवून घेणारे हात, आणि फोटोच्या खालच्या पट्टीवर जागा, तारीख, वेळ. या लोकांचाच नियम आहे की काम केल्याचा फोटो जागेसह आणि वेळेसह पाहिजे, साधा फोटो चालत नाही. झाड लावलं तरी तसाच, सुई टोचली तरी तसाच. सवयीनं काढला, सवयीनं टाकला. पट्टीवर लिहिलं होतं, दुपारी १२ वाजून ०७ मिनिटं. सव्वाशे माणसांनी त्यावर अंगठा दाखवला होता. एकानंही वेळ वाचली नव्हती.

तिनं फोटोचा कागद काढला. मेलचाही काढला.

संध्याकाळी कासाबाई आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की लस गेली.

“दुसऱ्यांदा तुमच्याच हातून, बाई?” ती म्हणाली. “माझं काही वाकडं हाय का तुमच्याशी? तसं असल तर सांगा. माणसानं तोंडावर सांगावं.”

“न्हाई मावशी. या खेपेला माझ्या हातून न्हाई.”

“मंग कुणाच्या?”

शिवकन्याला नाव सांगता येईना. नाव नव्हतंच. नोटिशीवर सही होती, ती सुद्धा ‘करिता’ अशी, कुणाकरिता तरी कुणीतरी केलेली.

“दिवाळीनंतर आमी ऱ्हात न्हाई हितं,” कासाबाई म्हणाली. “मेंढ्या रानात बसवायला नेणार. सुईबिगर नेल्या तर वाटंतच मराय लागतील. मी तुमच्यावर इसंबून बसले.” आणि उठून गेली. शक शिवकन्याला नवा नव्हता, पण आपल्यावर आलेला पहिलाच, आणि तो घेणाऱ्या बाईला तसा हक्कही होता.

खुलाशाच्या आदल्या दिवशी व्यंकटरावांनी तिच्यापुढं एक टाइप केलेला कागद ठेवला. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे मेल वेळेत पाहिला गेला नाही. पुन्हा असे होणार नाही. क्षमा असावी.’

“सही कर. मी वर बोललोय. तुझी ऑर्डर निघेल.”

“आणि लस?”

“पुढच्या खेपेला बघू म्हणाले.”

“पुढची खेप कधी?”

“ते म्हणाले नाहीत.”

तिनं फोटोचा कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी वेळ वाचली, पुन्हा वाचली, आणि कागद उलटा करून ठेवला, जसा कुणी भलत्याचा डबा चुकून उघडल्यावर झाकण लावतो.

“हे मी बघितलं नाही,” ते म्हणाले. “आणि तूही बघू नको. तुला माहीत नाही कुणाचं शिबिर होतं ते. पोरी, तुझ्या भल्यासाठी सांगतोय.”

“सही केली तर चूक माझी ठरते सर. चूक माझी ठरली की लस कुणाला मागायची?”

व्यंकटराव चष्मा पुसायला लागले. वाईट माणूस नाही तो. पण वाईट नसलेल्या माणसांच्या जिवावरच हे सगळं चालतं, हे लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं निघाली आणि अकरा वाजता वरच्या कार्यालयात साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. बसा कुणी म्हणालं नाही. साहेबांचा मोबाइल टेबलावर पालथा पडलेला, दर मिनिटाला गुरगुरायचा आणि साहेब दर मिनिटाला उलटून बघायचे.

“मेल वेळेत पाहिला नाही, हे मान्य आहे?”

“मान्य आहे.”

साहेबांना एवढ्या लवकर ‘मान्य’ ऐकायची सवय नसावी. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. “मग सही करा. विषय संपला.”

“करते. त्याआधी एक विचारायचंय.”

“विचारायला नाही बोलावलं तुम्हाला. खुलासा द्यायला बोलावलंय.”

“खुलासाच द्यायले.” तिनं दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक वीसचा मेल, आणि बारा सातचा फोटो. साहेबांनी आधी मेल बघितला, तो ओळखीचा होता. मग फोटो बघितला, तोही ओळखीचा होता; फोटोत तेच मधोमध उभे होते. मग त्यांची नजर पट्टीवर गेली आणि तिथंच थांबली. मोबाइल गुरगुरला. या वेळी त्यांनी तो उलटला नाही.

“हा फोटो तुम्हाला कुणी दिला?”

“तुमीच. ग्रुपवर.”

“घड्याळ पुढं-मागं असतं मोबाइलचं.”

“बिल्ल्याचा एक आकडा चुकला तर आमाला तीन पत्रं लिहावी लागतात साहेब. तुमचं घड्याळ सव्वा तास चुकतं?”

“बाई, जपून बोला. ऑर्डर आमच्या सहीनं निघते.”

“माहीत हाय.” तिनं सहीचा कागद उचलला, मधोमध घडी घातली आणि त्यांच्याच बाजूला परत ठेवला. “नका काढू ऑर्डर. पण माझ्या वेळा तुमाला माझ्याच कम्प्युटरनं सांगितल्या होत्या. त्याच निरोपात लिवलं होतं की घाईचं असलं तर फोन करा. फोन तुमी केला न्हाई. बारा वाजता खोके मंडपात उतरले आणि एक वीसला तुमी मला लिवता की लस उपलब्ध हाय, पाहिजे का? मी त्याच मिनिटाला ‘हो’ लिवलं असतं, तर कुठून देणार होताव? सांगा ना साहेब. माळावरच्या कासाबाईच्या मेंढ्यांची लस तुमी कुठून देणार होताव?”